चिंचोक्यांवर बेरीज जमते, वहीत मात्र वजाबाकी अडते

धायरीकर_बाबा

नमस्कार. माझी मुलगी सहा वर्षांची असून यंदा पहिलीत आहे. गेल्या चार महिन्यांपासून आम्ही तिला घरी चिंचोके, शर्टाची बटणे आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन बेरीज-वजाबाकी शिकवत आहोत. चार चिंचोके आणि तीन चिंचोके समोर ठेवले की ती दोन्ही ढीग एकत्र सरकवते, पहिल्यापासून एकेक मोजते आणि सात असे बरोबर सांगते. हेच गणित वहीत ४ + ३ असे लिहून दिले की ती पेन्सिलीचे टोक चावत बसते आणि थोड्या वेळाने ‘चिंचोके आणू का?’ असे विचारते.

वजाबाकीत तर चिंचोके असूनही अडते. परवा रात्री जेवणानंतर सतरंजीवर नऊ चिंचोके मांडले आणि त्यांतले चार बाजूला काढायला सांगितले. तिने ते नीट मोजून काढले. ‘आता किती उरले?’ असे विचारल्यावर तिने बाजूला काढलेल्या चारांसकट सगळे पुन्हा मोजले आणि ‘नऊ’ म्हणाली. मी म्हटले, ‘अगं, चार गेले ना?’ त्यावर ती म्हणाली, ‘कुठे गेले? इथेच तर आहेत.’ तिचे म्हणणे काही खोटे नव्हते, त्यामुळे पुढे काय बोलावे ते मला सुचेना.

घरात यावरून तीन पक्ष झाले आहेत. माझ्या आईचे म्हणणे असे की रोज संध्याकाळी उजळणी म्हणून घेतली की सगळे आपोआप येईल, आमच्या वेळी कुणी चिंचोके मांडत नव्हते. पत्नीला वाटते की वस्तूंची सवय लागली तर पुढे ती सुटणार नाही. वर्गशिक्षिकेने तर वहीत शेरा दिला आहे की मुलीला बोटांवर मोजू देऊ नये. वस्तू कधी बंद कराव्यात, बोटांचे काय करावे आणि ‘गेले’ म्हणजे काय हे तिला कसे समजवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिलीच्या_बाई

मी एकतीस वर्षे पुणे जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. त्या अनुभवावरून लिहिते.

आपल्या मुलीचे उत्तर मला पटले. मोठ्या माणसाला बाजूला सरकवलेली वस्तू हिशेबातून वगळलेली वाटते, कारण वगळण्याची रेघ तो मनातल्या मनात ओढतो. सहा वर्षांच्या मुलीला ती रेघ दिसत नाही, तिला नऊच्या नऊ चिंचोके दिसतात. म्हणून वजाबाकीच्या सुरुवातीला काढलेली वस्तू खरोखर नजरेआड गेली पाहिजे. मी वर्गात पत्र्याचा एक डबा ठेवत असे. त्यात टाकलेला खडा टण्णकन वाजायचा, आणि तो आवाज झाला की खडा ‘गेला’ हे कुणाला समजावून सांगावे लागत नसे. घरी याहून सोपा उपाय म्हणजे भाजलेले शेंगदाणे. नऊ दाणे मोजून ताटलीत ठेवावेत, त्यांतले चार तिनेच खावेत आणि मग उरलेले मोजावेत. पोटात गेलेला दाणा परत मोजायला येत नाही. मात्र एक पथ्य पाळावे: उरलेले मोजण्याआधी ‘किती उरतील असे तुला वाटते?’ हे विचारावे आणि तिचा अंदाज कितीही चुकीचा असला तरी ऐकून घ्यावा. आधी मनाशी काही ठरवून मग पाहिले तरच डोके कामाला लागते. नुसते मोजत राहिले तर हातच तेवढे कामाला लागतात, आणि आपल्या घरी चार महिने बहुधा हेच झाले असावे.

आता मूळ अडचणीकडे येते. डी.एड.ला आम्ही ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ हे सूत्र घोकून पाठ केले होते, परंतु या दोहोंमधली वाट कशी चालायची हे वर्गात उभे राहिल्यावर मुलांनीच शिकवले. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात त्या वाटेचे तीन टप्पे सांगितले: आधी हाताने करणे, मग चित्ररूपाने पाहणे आणि शेवटी चिन्हांत मांडणे. बहुतेक घरांत पहिला टप्पा हौसेने पार पडतो आणि तिथून थेट वहीतल्या तिसऱ्या टप्प्यावर उडी घेतली जाते. आपली मुलगी ४ + ३ पाहून चिंचोके मागते, याचे कारण तिला चिंचोक्यांची चटक लागली आहे असे नसून, डोळे मिटल्यावर चिंचोके दिसायची सवय तिला अजून कुणी लावलेली नाही, हे आहे.

त्यासाठी माझ्या वर्गात वाटीचा खेळ चाले. सहा चिंचोके घ्यावेत आणि ते सहाच असल्याची खात्री मुलीने स्वतः मोजून करून घ्यावी. मग तिने डोळे मिटावेत आणि आपण काही चिंचोके स्टीलच्या वाटीखाली झाकावेत. डोळे उघडल्यावर तिला बाहेर, समजा, चार दिसतात. वाटीखाली किती आहेत, हे तिने वाटी न उचलता सांगायचे. पहिले दोन-तीन दिवस मुले सरळ ठोकून देतात. ‘दहा’ म्हणणारीही असतात. मग एके दिवशी एखादे मूल बाहेरचे चार मोजते, थांबते, वाटीच्या पाठीवर बोटाने टकटक करत ‘पाच, सहा’ असे म्हणते आणि ‘दोन आहेत’ असे सांगून वाटी उचलते. मला विचाराल तर पहिलीच्या वर्षातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच, कारण त्या दोन टकटकींपुरते मूल न दिसणारे चिंचोके मोजत असते. त्यातच ४ + २ = ६ आणि ६ − ४ = २ ही दोन्ही गणिते एकदम होऊन जातात. सुरुवात पाच चिंचोक्यांनी करावी, एक संख्या निदान आठवडाभर धरून ठेवावी आणि दहापर्यंत सावकाश जावे. खेळ झाला की तिने पाटीवर वाटी आणि बाहेरचे ठिपके काढावेत, आणि त्या चित्राच्या खाली गणित लिहावे. गणित आधी आणि चित्र नंतर असे करू नये.

याआधी एक गोष्ट मात्र तपासून पाहावी. सात चिंचोके तिने मोजले की लगेच विचारावे, ‘मग हे किती आहेत?’ ती ‘सात’ म्हणाली तर ठीक. पुन्हा एकपासून मोजू लागली तर शेवटचा उच्चारलेला आकडा हा सबंध ढिगाचा आकडा असतो, हे तिला अजून उमगलेले नाही. रॉशेल गेल्मन आणि सी. आर. गॅलिस्टल यांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांतले हे एक. ते पक्के नसताना बेरीज शिकवणे म्हणजे पाया ओला असताना भिंत चढवणे होय. तेच सात चिंचोके लांब-लांब पसरून ठेवले तर ती ‘आता जास्त झाले’ म्हणते का, हेही पाहावे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे या वयाच्या आसपास अनेक मुले तसे म्हणतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण मग थोडा धीर धरावा.

दरवेळी पहिल्यापासून मोजण्याची सवय मोडण्यासाठी आमच्याकडे जुनी युक्ती आहे. ६ + ३ असेल तर मुलाने डोक्यावर हात ठेवून ‘सहा डोक्यात’ असे म्हणायचे, तीन बोटे उघडायची आणि सात, आठ, नऊ असे पुढे मोजायचे. यात एक खड्डा आहे: काही मुले पहिल्या बोटालाच ‘सहा’ म्हणतात आणि उत्तर आठ येते. त्यावर समजावणीपेक्षा जिना बरा. सहाव्या पायरीवर उभे करून ‘आता तीन पायऱ्या चढ’ असे सांगितले की उभ्या असलेल्या पायरीला कुणी पुन्हा मोजत नाही.

बोटांबद्दल, वर्गशिक्षिकेचा मान राखूनही, माझे मत वेगळे आहे. बोटे म्हणजे कधीही न हरवणाऱ्या वस्तू आहेत, आणि एका हाताला पाच व दोन्ही हातांना दहा हा सोयीचा गठ्ठा त्यांच्यात तयारच आहे. आठ दाखवताना मूल एक हात पूर्ण उघडून वर तीन बोटे दाखवू लागले, की पाच आणि तीन मिळून आठ हे त्याला न शिकवता आलेले असते. बोटे लपवायला लावली की मुले ती बाकाखाली मोजतात, एवढाच फरक पडतो. वाटीच्या खेळातून दहाच्या आतल्या जोड्या तोंडात बसल्या, की बोटे आपसूक मिटतात. आजींच्या उजळणीलाही विरोध नको. संख्यांचा क्रम पाठ असणे लागतेच, फक्त उजळणी म्हणजे बेरीज नव्हे.

कसब्याचा_वाणी

बाईंनी वाटीखालचे चिंचोके सांगितले, तेच आमच्या गल्ल्यावर दिवसभर चालत असे. कसबा पेठेत आमचे किराणा मालाचे दुकान आहे आणि मी शाळेत असल्यापासून वडिलांच्या शेजारी बसत आलो आहे. दुकानदार कधी वजाबाकी करत नाही, हे मी तिथे शिकलो.

गिऱ्हाइकाने सदतीस रुपयांचा माल घेतला आणि पन्नासाची नोट दिली, तर पन्नासातून सदतीस वजा करायला, म्हणजे दशक उसना घ्यायला, वडिलांना सवड नसे. ते मालावर हात ठेवून ‘सदतीस’ म्हणत, रुपयाचे नाणे ठेवून ‘अडतीस’ म्हणत, दोनाचे नाणे ठेवून ‘चाळीस’ आणि दहाची नोट ठेवून ‘पन्नास’. गिऱ्हाइकाच्या हातात तेरा रुपये पडलेले असत आणि ‘तेरा’ हा आकडा कुणीच उच्चारलेला नसे. माल आणि परत दिलेले पैसे मिळून पन्नास होतात, एवढ्यावर दोघांचेही समाधान होई. शाळेत वजाबाकी म्हणजे काढून घेणे असेच शिकवतात. तुटीत भर घालत जाणे हीसुद्धा वजाबाकीच आहे, हे मला मात्र चौथीपर्यंत कुणी सांगितले नाही. मी गल्ल्यावर बरोबर आणि वहीत चूक, असा विद्यार्थी होतो.

धायरीकरांनी घरी छोटे दुकान मांडावे. साबणाची वडी सात रुपये, मुलीकडे दहा रुपये, आणि दुकानदार तिलाच करावे, कारण गिऱ्हाईक नुसते पैसे देते, मोजतो तो दुकानदार. ‘सात’ म्हणून तिने वडी पुढे सरकवावी आणि ‘आठ, नऊ, दहा’ म्हणत एकेक रुपया ठेवावा. मग विचारावे की परत किती दिलेस.

नाण्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी सांगतो. चिंचोका म्हणजे एक, पण नाणे म्हणजे एक नव्हे. माझ्या भाच्याने पाच वर्षांचा असताना पाचाच्या एका नाण्याच्या बदल्यात रुपयाची तीन नाणी आनंदाने घेतली होती आणि आपण मामाला फसवले असे तो घरभर सांगत होता. त्याच्या मोजणीप्रमाणे त्याचा फायदाच झाला होता. म्हणून सुरुवातीला रुपयाचीच नाणी वापरावीत. पाचाचे नाणे आणायचे तेव्हा त्याच्याशेजारी रुपयाची पाच नाणी ओळीने मांडून दाखवावीत आणि काही दिवस अदलाबदलीचाच खेळ खेळावा. शिवाय रुपयाची आणि दोन रुपयांची हल्लीची नाणी दिसायला इतकी सारखी आहेत की आमचीही गफलत होते, तेव्हा दोनाची नाणी शेवटी आणलेली बरी. दुकानात आता निम्म्याहून अधिक लोक मोबाइल दाखवून पैसे देतात. सुटे परत घ्यायचा प्रसंगच मुलांसमोर येत नाही, त्यामुळे हे घरी मुद्दाम घडवून आणावे लागते.

दोन_मुलांची_आई

बाईंचे आणि वाणीकाकांचे म्हणणे मान्य करूनही थोडे विरोधी मत मांडते, कारण या सगळ्याचा अतिरेक मी स्वतः केला आहे.

मोठा मुलगा पहिलीत असताना घरातली प्रत्येक वस्तू मी गणिताच्या दावणीला बांधली होती. पोळी वाढताना ‘दोन होत्या, एक वाढली, किती झाल्या?’, जिना चढताना पायऱ्या, भाजी आणायला गेले की वांगी. एके दिवशी मंडईत त्याने लिंबांच्या वाट्याकडे पाहिले आणि मी तोंड उघडण्याआधीच ‘आई, मला नाही मोजायचे’ असे म्हणाला. त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: ज्या प्रश्नाचे उत्तर मला आधीच माहीत आहे आणि त्यालाही ते ठाऊक आहे, तो प्रश्न विचारायचा नाही. त्याऐवजी उत्तरावाचून काम अडेल असे काम द्यायचे. आज आत्या आणि काका जेवायला आहेत, तर ताटे किती घ्यायची, हा खरा प्रश्न आहे. तो चुकला तर एक माणूस ताटावाचून बसते आणि चूक त्याची त्यालाच दिसते. मला काही बोलावे लागत नाही.

खेळांचाही मला फार उपयोग झाला. सागरगोटे आता कुणी खेळत नाही, पण माझ्या आईने पाच सागरगोटे नातवाला दिले आणि झेलताना हातात दोन आले की जमिनीवर तीन आहेत, हे तो न मोजता म्हणू लागला. सापशिडीत दोन फासे घेतले की बेरीज होते. मात्र आपल्याकडच्या पटावर आकडे नागमोडी जातात, एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उलट, त्यामुळे लहान मुले दहावरून अकरावर जाताना हमखास चुकतात. आम्ही फरशीवर खडूने एकापासून वीसपर्यंत सरळ पट्टा काढला आणि त्यावर प्यादी चालवली. पुढे जाणे म्हणजे बेरीज आणि मागे येणे म्हणजे वजाबाकी, हे त्या पट्ट्यावर त्याला पायांनी कळले.

आणि घरात धाकटे भावंड असेल तर चिंचोके, मणी आणि दाणे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. आमच्या दोन वर्षांच्या धाकट्याने चिंचोका नाकात घातला होता आणि रात्री साडेदहाला दवाखाना गाठावा लागला. तीन वर्षांच्या आतल्या मुलासमोर चमचे, वाट्या आणि मोठे चिमटे एवढेच असावे.

बावधनकर

आमच्या सोसायटीतली बरीच मुले अबॅकसच्या क्लासला जातात. तो लावला तर हे सगळे प्रश्न सुटतील का?

धायरीकर_बाबा

सर्वांचे मनापासून आभार. शेंगदाण्यांचा प्रयोग आजच केला आणि तो एका झटक्यात कळला. अडचण एवढीच झाली की नंतर तिने वजाबाकीसाठी आणखी दाणे मागितले. आणखी एक शंका आहे. शाळेच्या वहीतले शाब्दिक उदाहरण असे होते: ‘मीनाकडे ७ फुगे आहेत. राजूकडे ४ फुगे आहेत. मीनाकडे किती फुगे जास्त आहेत?’ मुलीने ११ लिहिले. ‘जास्त’ म्हटले म्हणून मिळवले, असे ती म्हणते.

पहिलीच्या_बाई

बावधनकर, अबॅकसने हिशेबाचा वेग वाढतो, पण कोणत्या प्रसंगी मिळवायचे आणि कोणत्या प्रसंगी वजा करायचे हे तो सांगत नाही. दहा लाल आणि दहा पांढरे मणी ओवलेली दोरी या वयाला पुरेशी आहे, आणि ती तुळशीबागेतल्या मण्यांतून घरी तयार होते.

धायरीकर, ‘जास्त’वरून मिळवणे हा मुलीचा दोष नाही, तो आम्हा शिक्षकांनीच लावलेला रोग आहे. ‘एकूण’ दिसले की मिळवा, ‘उरले’ दिसले की वजा करा, असे शब्द पाठ करून घेतले की मुले गोष्ट वाचायचे सोडून शब्द शोधू लागतात. शिवाय हे उदाहरण काढून घेण्याचे नाहीच. इथे कुणाचाही फुगा फुटला नाही किंवा उडाला नाही. सातही फुगे शेवटपर्यंत मीनाकडेच आहेत. शेंगदाणे खाऊन जिने वजाबाकी शिकली, तिला इथे काही खाण्याजोगे सापडत नाही, म्हणून ती मिळवून मोकळी होते.

यासाठी सात वाट्या आणि चार चमचे घ्यावेत. वाट्यांची एक ओळ लावावी आणि प्रत्येक वाटीत एक-एक चमचा ठेवायला सांगावे. तीन वाट्या चमच्यावाचून राहतात. ‘चमचे किती कमी पडले?’ आणि ‘वाट्या किती जास्त आहेत?’ हे दोन्ही प्रश्न विचारावेत आणि दोहोंचे उत्तर तेच येते, हे तिलाच शोधू द्यावे. मग फुग्यांचे उदाहरण पुन्हा वाचून दाखवावे आणि वाट्या म्हणजे कुणाचे फुगे, चमचे म्हणजे कुणाचे, हे तिला ठरवू द्यावे. अशा प्रकारे वजाबाकीची तीन रूपे होतात: खाल्लेले दाणे, वाणीकाकांची भर आणि या जोड्या. तिन्ही रूपे वहीत ७ − ४ अशी एकसारखीच लिहिली जातात, म्हणूनच मुलांचा गोंधळ होतो. उलट बाजूने, कागदावर ७ − ४ लिहून तिलाच गोष्ट सांगायला लावावी. एक गोष्ट दाण्यांची झाली की ‘आता कुणी काही खायचे नाही, अशी गोष्ट सांग’ असे म्हणावे.

धायरीकर_बाबा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. वाटीचा खेळ आम्ही पाच चिंचोक्यांनी सुरू केला आणि आता नऊपर्यंत आलो आहोत. बाईंनी वर्णन केलेली टकटक अकराव्या दिवशी ऐकली. मी स्वयंपाकघरात होतो आणि आजी-नातीचा खेळ चालू होता, त्यामुळे आधी आईनेच ती ऐकली आणि मला हाक मारली. उजळणीवाल्या पक्षाने आता वाटी स्वतःच्या ताब्यात घेतली आहे. वहीतही फरक पडला आहे. ५ + ३ पाहिल्यावर ती चिंचोके मागत नाही, ठिपके काढते, आणि कधी कधी तेही काढत नाही. वर्गशिक्षिकेला भेटून बोटांबद्दल विनंती केली. त्यांनी दिवाळीपर्यंत पाहू असे सांगितले.

काल रात्री तिने माझ्यावर डाव उलटवला. मला डोळे मिटायला लावले, आणि उघडल्यावर पाहतो तर समोर नुसती पालथी वाटी आणि बाहेर एकही चिंचोका नाही. मी शून्य म्हणावे की नऊ, या विचारात पडलो, तेवढ्यात ती म्हणाली, ‘बाबा, टकटक करून मोजा.’

आता दहाच्या पुढे कसे जावे, एवढे सांगावे.

पहिलीच्या_बाई

नऊ टकटकी केल्यात की नाही, ते लिहिले नाहीत!

दहाच्या पुढे गेल्यावर आपल्या मराठी अंकनावांची अडचण येते, ती आधीच लक्षात घ्यावी. ‘बारा’ या शब्दात दहा आणि दोन ऐकू येत नाहीत. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसाला एक कमी अशी वजाबाकीच दडलेली आहे, त्यामुळे मूल तिशीचा आवाज ऐकून तीनाने सुरू होणारी संख्या लिहू लागते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचनही दिले, तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्याचे समर्थन करावे लागले. रोजच्या बोलण्यातून ‘एकवीस’ घालवावे असे माझे मत नाही, पण शिकवताना ‘बारा, म्हणजे दहा आणि दोन’ असे दोन्ही म्हणावे, त्याने मराठीचे काही बिघडत नाही.

आइस्क्रीमच्या काड्या किंवा झाडूच्या हिरांचे सारखे तुकडे घ्यावेत आणि दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधावेत. हे गठ्ठे विकत आणू नयेत किंवा आपण बांधून देऊ नयेत, तिनेच मोजून बांधावेत, म्हणजे आत दहा आहेत यावर तिचा विश्वास बसतो. बारातून पाच द्यायचे झाले की सुट्या दोनच काड्या हाताशी असतात आणि मूल अडते. तिथे घाई करू नये, ‘उसना’ हा शब्दही काढू नये. थोडा वेळ ती गठ्ठ्याकडे पाहत बसेल. रबर तिचे तिलाच सोडू द्यावे.